काळा दगड आगीचा की पाण्याचा?

‘महाराष्ट्राचे पठार लाव्हारसाचे थर साचून तयार झाले आहे,’ हे वाक्य आपण दरवर्षी वर्गात सांगतो. मुले ते वहीत उतरवतात, परीक्षेत लिहितात आणि त्याचे गुणही मिळवतात. पण एखाद्या वर्षी मागच्या बाकावरून प्रश्न येतो, “बाई, मग ज्वालामुखी कुठाय?”

प्रश्न अगदी रास्त आहे. सह्याद्रीत कुठे धूर निघत नाही. कळसूबाईचे शिखर १६४६ मीटर उंच, पण त्याच्या माथ्यावर तोंड उघडे टाकलेला खड्डा नाही. पायथ्यापासून माथ्यापर्यंत आहे तो काळा कातळ. हा कातळ कधीकाळी वितळलेला होता, हे कोणी पाहिले? ‘शास्त्रज्ञांनी सिद्ध केले आहे’ असे म्हणून पुढच्या धड्याकडे वळता येते, पण ते त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर नव्हे.

गंमत अशी, की हाच प्रश्न युरोपातल्या विद्वानांनाही पडला होता. तिथेही जिवंत ज्वालामुखीपासून शेकडो मैल दूर काळ्या दगडाच्या टेकड्या होत्या. तो दगड आगीतून आला की पाण्यातून, यावर अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जो वाद पेटला तो पन्नास वर्षांहून अधिक काळ चालला. ज्वालामुखीचा खडक ओळखण्याच्या ज्या खुणा आज पुस्तकात चार ओळींत दिलेल्या असतात, त्यातली एकेक खूण या वादात घासूनपुसून पुढे आली. तो वाद समजून घेतला तर खुणा पाठ कराव्या लागत नाहीत.

मैलाचा दगड

१७५१ साली ज्याँ-एतियेन गेतार नावाचा फ्रेंच निसर्गअभ्यासक आपला मित्र मालझेर्ब याच्याबरोबर मध्य फ्रान्समधून प्रवास करीत होता. मूलँ या गावात त्याचे लक्ष रस्त्याकडेच्या मैलाच्या दगडाकडे गेले. दगड काळा होता आणि त्याला बारीक बारीक भोके होती. ज्वालामुखीच्या दगडांची वर्णने आणि नमुने गेतारच्या परिचयाचे होते. हा दगड कुठून आणता, असे त्याने विचारले. उत्तर मिळाले : व्होल्व्हिकच्या खाणीतून.

तो माग काढत दोघे ओव्हेर्न प्रांतात पोचले. तिथे एका रांगेत उभे असलेले गोल माथ्याचे डोंगर, त्यांच्या डोक्यावरचे वाडग्यासारखे खड्डे, उतारावरची भाजल्यासारखी खंगरे आणि पायथ्याशी ओघळून थिजलेला दगड पाहून गेतारची खात्री पटली, की हे विझलेले ज्वालामुखी आहेत. १७५२ मध्ये त्याने पॅरिसच्या विज्ञान अकादमीसमोर हे मांडले. त्या डोंगरांच्या कुशीत पिढ्यान्‌पिढ्या लोक राहत होते, त्याच दगडाची घरे बांधत होते. आपण ज्वालामुखीच्या अंगाखांद्यावर राहतो याची कोणाला कल्पना नव्हती.

इथे पहिली खूण हाती लागली : दगडातली भोके. जमिनीखाली वितळलेल्या शिलारसात वाफ आणि इतर वायू दाबाखाली विरघळलेले असतात. शिलारस वर येतो तसा दाब उतरतो आणि सोड्याच्या बाटलीचे बूच काढल्यावर यावेत तसे बुडबुडे सुटू लागतात. लाव्हा थिजला की त्यातले काही बुडबुडे आत अडकतात. बुडबुडे वर चढतात, म्हणून लाव्हाच्या थराचा वरचा भाग जास्त सच्छिद्र असतो आणि मधला भाग घट्ट, भरीव.

पण या कथेत एक वळण आहे. त्याच गेतारने १७७० मध्ये लिहिले, की बेसाल्टचे खांब मात्र पाण्यातून तयार झाले असावेत! ज्याने फ्रान्सचे ज्वालामुखी शोधले, त्यालाच बेसाल्ट ओळखता आला नाही. कारण बेसाल्टला खड्डा नव्हता, खंगर नव्हते. होते ते नुसते काळे, भरीव, कोनदार खांब.

खांबांचे कोडे

बेसाल्ट हा शब्द १५४६ मध्ये अग्रिकोलाने सॅक्सनीतील स्टोल्पेनच्या टेकडीवरील काळ्या खांबांसाठी वापरला. तशाच खांबांसाठी आयर्लंडचा ‘जायंट्स कॉजवे’ प्रसिद्ध होता. समुद्रकाठी सुमारे चाळीस हजार खांब, बहुतेक पाच-सहा कोनांचे, एकमेकांना चिकटून उभे. हे कोणाचे काम? राक्षसाचे, असे लोककथा सांगत. विद्वानांपैकी अनेक जण म्हणत, हे प्रचंड स्फटिक आहेत, समुद्राच्या पाण्यातून साकळलेले. काहींना उन्हाळ्यात सुकलेल्या तळ्याच्या चिखलाला पडतात तशा भेगा आठवल्या.

निकोला देमारे हा फ्रेंच सरकारचा कारखान्यांचा निरीक्षक. कामासाठी पायी भटकंती आणि भटकताना दगडांचे निरीक्षण, असा त्याचा क्रम. १७६३ मध्ये ओव्हेर्नमध्ये त्याला काळे कोनदार खांब दिसले. त्याने नुसत्या खांबांकडे पाहिले नाही, तर ते ज्या थरात आहेत तो थर कुठून येतो आणि कुठे जातो हे पाहिले. खांबांचा थर पुढे सलग लाव्हाच्या ओघात मिसळत होता. खांबांच्या बुडाशी खंगराचा थर होता आणि त्याखालची माती विटेसारखी भाजून निघाली होती. १७६५ मध्ये त्याने आपले निष्कर्ष अकादमीपुढे ठेवले. ज्वालामुखींच्या नकाशासह ते १७७४ मध्ये छापून आले.

आज आपल्याला खांबांचे कारण कळते. लाव्हाचा जाड थर थिजल्यावरही तापलेला असतो. तो निवत जातो तसा आकसतो आणि आकसताना तडकतो. भेगा वरून खाली आणि खालून वर सरकत जातात व खांब सुटे होतात. चिखलाची भेगही आकसण्यानेच पडते. म्हणून दोन्हींत साम्य आहे. आकाराचे साम्य खरे, पण आकसण्याचे कारण वेगळे. एकट्या आकारावरून दगडाची जात ठरवता येत नाही, ही दुसरी शिकवण.

देमारेने वादविवादात फारसा भाग घेतला नाही. कोणी वाद घालायला आला, तर तिथे जाऊन स्वतः पाहा, एवढेच तो सांगे अशी आठवण नोंदलेली आहे.

फ्रायबेर्गचे गुरुजी

पण तेव्हा युरोपातल्या विद्यार्थ्यांचा ओघ ओव्हेर्नकडे नव्हे, तर सॅक्सनीतील फ्रायबेर्गच्या खाणविद्यालयाकडे होता. तिथे १७७५ पासून अब्राहम गोटलोब वेर्नर शिकवीत असे. खनिजे हातात घेऊन रंग, चकाकी, कठीणपणा, वजन, फुटण्याची पद्धत यांवरून ती कशी ओळखावीत, हे त्याने इतक्या नेटकेपणाने शिकवले, की आपली आजची खनिज ओळखण्याची पद्धतही मुळात त्याच वळणाची आहे. त्याचे लेखन थोडे. त्याची कीर्ती पसरली ती विद्यार्थ्यांच्या तोंडून. आलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट त्याचाच विद्यार्थी.

वेर्नरचे म्हणणे असे : आरंभी सारी पृथ्वी एका महासागराखाली होती. त्या पाण्यातून एकामागून एक खडक साकळले. प्रथम ग्रॅनाइट, नंतर इतर. ज्वालामुखी ही अलीकडची, किरकोळ गोष्ट. जमिनीतले दगडी कोळशाचे थर पेटले की वरचे दगड वितळतात, इतकेच. बेसाल्टही पाण्यातलाच.

आज हे वाचून हसू येईल. पण वेर्नरचे पुरावे पाहा. १७८० च्या दशकाच्या अखेरीस तो शायबेनबेर्ग नावाच्या टेकडीवर गेला. माथ्यावर बेसाल्टचे उभे खांब, त्याखाली माती, त्याखाली वाळू आणि गोटे. आणि एका थरातून दुसऱ्या थरात हळूहळू होत जाणारा बदल. वाळू-माती तर उघड उघड पाण्याने आणलेली. मग तिच्यातूनच वर चढत गेलेला बेसाल्ट वेगळा कसा? आसपास ज्वालामुखीचे तोंड नाही, खंगर नाही. शिवाय बेसाल्टमध्ये स्फटिक आहेत. स्फटिक कशातून तयार होतात? मीठ, तुरटी, खडीसाखर ही सारी पाण्यातून. आणि दगड वितळवून थंड केला तर काय मिळते? काच. मग वितळलेल्या दगडातून स्फटिकांचा खडक येईलच कसा? भर म्हणून, बेसाल्टच्या पोकळ्यांत सापडणारी झिओलाइट खनिजे तापवली की त्यांतून पाणी सुटते. ज्याच्या पोटात पाणी आहे, तो दगड आगीतून आला म्हणायचे?

हे प्रश्न वेडगळ नाहीत. आपल्या वर्गातल्या एखाद्या चौकस विद्यार्थ्याने विचारावेत असेच आहेत. वेर्नरची चूक प्रश्नांत नव्हती. त्याने आपल्या प्रांतातल्या टेकड्यांवरून सगळ्या जगाचा हिशेब मांडला, तिथे गफलत झाली.

शायबेनबेर्गचे खरे उत्तर आज माहीत आहे. प्राचीन काळी तिथे नदीचे खोरे होते. लाव्हा त्या खोऱ्यात उतरला आणि नदीच्या वाळूवर पसरून थिजला. पुढे आजूबाजूची मऊ जमीन झिजून गेली. कठीण बेसाल्ट मात्र टिकला आणि खोऱ्याचा तळ होता तो टेकडीचा माथा झाला. खालची वाळू पाण्याचीच होती, वरचा दगड मात्र आगीचा. थर एकावर एक आहेत म्हणून त्यांचा जन्म एकाच रीतीने झाला, असे होत नाही.

भाजलेल्या कडा

स्कॉटलंडमध्ये जेम्स हटन वेगळ्या वाटेने चालला होता. १७८५ मध्ये त्याने एडिंबरोच्या रॉयल सोसायटीपुढे आपला सिद्धान्त मांडला : पृथ्वीच्या पोटात उष्णता आहे, आणि तिच्यामुळे वितळलेला शिलारस खालून वर घुसतो.

त्याचा एक पुरावा त्याच्या घरापासून हाकेच्या अंतरावर होता. शहराला लागूनच सॅलिसबरी क्रॅग्ज नावाचे कडे आहेत. तिथला काळा दगड खाणकामगारांच्या भाषेत ‘व्हिनस्टोन’. तो वालुकाश्माच्या थरांमध्ये पट्ट्यासारखा शिरला आहे. हटनला दिसले, की व्हिनस्टोनने वालुकाश्माचे थर उचकटले आहेत आणि त्याचे तुकडे आपल्यात ओढून घेतले आहेत. जिथे दोन्ही दगड एकमेकांना भिडतात, तिथे वालुकाश्म भाजून कडक झाला आहे.

ही तिसरी आणि फार मोलाची खूण. जमिनीवरून वाहिलेला लाव्हा फक्त खालच्या मातीला भाजतो, कारण वर तेव्हा काहीच नसते. पण थरांच्या मध्ये घुसलेला शिलारस वरची आणि खालची, दोन्ही बाजू भाजतो. आणि काळ्या दगडाची स्वतःची कड थंड भिंतीला टेकल्यामुळे पटकन निवते, म्हणून ती मधल्या भागापेक्षा बारीक कणांची असते. पाण्यातून साकळलेला गाळ शेजाऱ्याला भाजणार नाही.

विरोधक गप्प बसले नाहीत. आयर्लंडच्या पोर्टरश येथे बेसाल्टमध्ये चक्क समुद्री प्राण्यांचे, अमोनाइटचे जीवाश्म सापडले, असे विल्यम रिचर्डसन या धर्मोपदेशकाने जाहीर केले. आगीतून आलेल्या दगडात शिंपले कसे? अग्निवाद्यांना हा मोठाच धक्का होता. नमुने नीट तपासल्यावर उलगडा झाला : तो बेसाल्ट नव्हताच. शिंपले असलेल्या शेल या गाळाच्या खडकात शिलारस घुसला होता आणि त्याच्या धगीने तो शेल भाजून इतका काळा, कठीण झाला होता, की डोळ्यांना बेसाल्टच वाटावा. जो पुरावा पाण्याच्या बाजूचा म्हणून आणला, तो आगीचा ठरला. काळा आणि कठीण, एवढ्यावरून बेसाल्ट म्हणू नये, हेही त्यातून कळले.

काचकारखान्यातला धडा

वेर्नरचा एक प्रश्न मात्र उरलाच होता : वितळलेल्या दगडातून स्फटिक कसे? हटनचा तरुण मित्र जेम्स हॉल याला त्याचे उत्तर लीथच्या काचकारखान्यात दिसले. बाटल्यांच्या हिरव्या काचेचा एक मोठा गोळा तिथे चुकून फार सावकाश निवला होता. त्याची पारदर्शक काच न होता अपारदर्शक, दगडासारखा स्फटिकमय गोळा झाला होता. तोच पुन्हा वितळवून झटपट थंड केला, की परत काच!

हॉलच्या मनात आले, दगडावर हाच प्रयोग का करू नये? पण हटनला अशा प्रयोगांत रस नव्हता. पृथ्वीच्या पोटातल्या अफाट घडामोडींचा निवाडा लहानशा मुशीत डोकावून होणार नाही, असे त्याचे मत. हॉलने वडीलधाऱ्या मित्राचा मान राखला. १७९७ मध्ये हटन वारला आणि १७९८ मध्ये हॉलने आपले निष्कर्ष सोसायटीपुढे मांडले. एडिंबरोच्या परिसरातला व्हिनस्टोन आणि व्हेसुव्हियस, एटना येथून आणलेला लाव्हा त्याने भट्टीत वितळवला. पटकन थंड केले, दोन्हींची काळी काच झाली. सावकाश थंड केले, दोन्हींचा स्फटिकमय दगड झाला. रॉबर्ट केनेडी याने दोन्हींचे रासायनिक पृथक्करण केले, तेव्हा त्यांची घडणही जवळजवळ सारखी निघाली. १८०४ मध्ये वाफेच्या इंजिनाच्या जेम्स वॉटचा मुलगा ग्रेगरी वॉट याने तीनशे किलोंहून अधिक बेसाल्ट एकदम वितळवून आठवडाभर निवू दिल्याचे प्रसिद्ध केले. त्या गोळ्याचा बाहेरचा भाग काच आणि आतला भाग स्फटिकमय दगड झाला होता.

ही चौथी खूण, आणि बहुधा सर्वांत उपयोगी : कणांचा आकार निवण्याचा वेग सांगतो. लाव्हा हवेत किंवा पाण्यात झटकन थिजला तर काच, म्हणजे ऑब्सिडियन. फेसासकट थिजला तर पाय घासायला वापरतात तो हलका प्यूमिस. जमिनीवर जाड थरात निवला तर डोळ्यांना सहज न दिसणाऱ्या बारीक स्फटिकांचा बेसाल्ट. आणि तसलाच शिलारस जमिनीखाली खोल, हजारो वर्षे निवत राहिला तर मोठ्या स्फटिकांचा गॅब्रो. पुढे १८५८ मध्ये हेन्री सॉर्बीने दगडाचे पारदर्शक होईपर्यंत घासलेले पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली कसे अभ्यासावेत हे दाखवले. बेसाल्टच्या कापात फेल्डस्पारच्या काड्या, त्यांच्यामध्ये पायरॉक्सिनचे कण, मॅग्नेटाइटचे काळे ठिपके आणि कधी कधी उरलीसुरली काचही दिसते. आता शंकेला जागा राहिली नाही.

झिओलाइटमधल्या पाण्याचे काय? तिथे वेर्नर अगदीच चुकला नव्हता. पोकळी बुडबुड्याची, म्हणजे आगीची. पण ती भरली नंतर दगडात झिरपलेल्या गरम पाण्याने. आगीने कोनाडे केले आणि पाण्याने त्यात मूर्ती बसवल्या, म्हणा ना.

विद्यार्थी बाहेर पडतात

वाद संपला तो मात्र भट्टीपेक्षा पायपिटीने. वेर्नरचे विद्यार्थी जग पाहायला निघाले. लिओपोल्ड फॉन बुख इटलीत व्हेसुव्हियस पाहून १८०२ मध्ये ओव्हेर्नला गेला. तिथला बेसाल्ट लाव्हाच आहे हे त्याने मान्य केले, पण जर्मनीतल्या बेसाल्टबद्दल गुरूचा शब्द मोडायला त्याला आणखी वेळ लागला. दोब्युइसाँने १८०३ मध्ये सॅक्सनीचा बेसाल्ट पाण्यातला असल्याचे पुस्तक लिहिले, पुढच्या वर्षी तो ओव्हेर्नला गेला आणि आपले मत जाहीरपणे मागे घेतले. हे वेर्नरचे अपयश मानायचे की यश? नीट पाहायला त्यानेच शिकवले होते. विद्यार्थ्यांनी नीट पाहिले.

उलट उदाहरणही आहे. वेर्नरचा आणखी एक शिष्य रॉबर्ट जेमसन एडिंबरोत प्राध्यापक होता. १८२६-२७ मध्ये त्याच्या वर्गात एक तरुण मुलगा बसे. सॅलिसबरी क्रॅग्जवर मुलांना नेऊन, सभोवती ज्वालामुखीचे खडक असताना आणि शेजारचा दगड भाजलेला दिसत असताना, समोरची काळी भिंत म्हणजे वरून गाळ पडून भरलेली भेग आहे, असे जेमसनने सांगितले. दुसरे काही मानणाऱ्यांची त्याने टवाळीही केली. त्या मुलाने ठरवून टाकले, की भूविज्ञानाच्या वाटेला पुन्हा जायचे नाही. मुलाचे नाव चार्ल्स डार्विन.

सुदैवाने निश्चय टिकला नाही. जानेवारी १८३२ मध्ये ‘बीगल’ जहाज केप व्हर्द बेटांपैकी सांतियागोला लागले. तिथल्या कड्यात डार्विनला एक पांढरा, शिंपल्यांचा पट्टा दिसला. त्यावर काळा दगड होता, आणि दोन्ही जिथे भिडत होते तिथला पांढरा पट्टा धगीने बदलला होता. समुद्रतळाच्या शिंपल्यांवरून लाव्हा वाहिला आणि मग सारे वर उचलले गेले, ही कथा त्याने तिथल्या तिथे वाचली. एडिंबरोत जी खूण समोर असून नाकारायला लावली होती, तीच इथे त्याच्या कामी आली.

पायऱ्यापायऱ्यांचा देश

आता आपल्या दारात येऊ. स्वीडिश भाषेत जिन्याला ‘ट्राप्पा’ म्हणतात. पायऱ्यापायऱ्यांनी चढत जाणाऱ्या काळ्या डोंगरांवरून त्या दगडाला ‘ट्रॅप’ नाव पडले. मुंबई सरकारच्या सेवेत असलेल्या कर्नल विल्यम साइक्सने दख्खनची पाहणी केली आणि १८३० च्या दशकात तिच्यावर निबंध लिहिला. ‘दख्खन ट्रॅप’ हे नाव त्याच्याकडे जाते. सह्याद्रीतला कोणताही किल्ला दुरून पाहा. उभा कडा, मग माची, मग पुन्हा कडा. भरीव, कठीण थराचा कडा होतो आणि सच्छिद्र, ठिसूळ थर झिजून सपाटी होते. प्रत्येक पायरीमागे लाव्हाचा एखादा थर किंवा थरांचा गट आहे.

मद्रास सैन्यातील शल्यवैद्य जॉन माल्कमसन याने १८३७ मध्ये लंडनच्या भूविज्ञान संस्थेपुढे या खडकांतले जीवाश्म मांडले : गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख आणि शिंपले. पोर्टरशचा वाद आठवला ना? इथे शंख काळ्या दगडात नव्हते. ते लाव्हाच्या दोन थरांमध्ये सापडलेल्या तळ्यांच्या गाळात होते. पुढे स्टीफन हिस्लॉपने नागपूरजवळ टाकळी येथे अशाच थरांचा अभ्यास केला. म्हणजे एक लाव्हा थिजला, त्यावर पावसाचे पाणी साचून तळी झाली, त्यांत जीव वाढले आणि मग पुढचा लाव्हा आला. थरांमध्ये दिसणारी तांबडी, विटेच्या रंगाची मातीही अशाच मधल्या शांत काळाची साक्ष देते.

आता मागच्या बाकाचा प्रश्न : ज्वालामुखी कुठाय? प्रत्येक उद्रेकाला शंकूसारखा डोंगर लागत नाही. जून १७८३ मध्ये, जलवादी आणि अग्निवादी भांडत असतानाच, आइसलंडमध्ये लाकी येथे सुमारे २७ किलोमीटर लांबीच्या भेगेतून लाव्हा उसळला. आठ महिन्यांत त्याने सुमारे ५६५ चौरस किलोमीटर जमीन झाकली. आपल्याकडे असेच, पण कितीतरी मोठ्या प्रमाणावर घडले. धुळे-नंदुरबार भागात जमिनीतून वर आलेल्या काळ्या दगडाच्या लांबच लांब भिंती दिसतात. भेगांमध्येच थिजलेला तो शिलारस आहे. म्हणजे आपण ज्वालामुखीचा डोंगर शोधतो, आणि लाव्हाची वाट आपल्या पायाखालून गेलेली असते.

हे सारे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, युरेनियमच्या ऱ्हासावर आधारलेल्या कालमापनानुसार लाव्हाचा मुख्य भाग दहा लाखांहून कमी वर्षांत बाहेर पडला. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश त्याखाली आहे. तो किती खोल आहे? १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला भोक पाडले, तेव्हा सुमारे ३४० मीटरवर बेसाल्ट संपून ग्रॅनाइटसारखे प्राचीन खडक लागले. कोयनेच्या परिसरात त्यासाठी ९३० मीटरच्या आसपास जावे लागले.

आपल्या गावातला दगड

आता वर्गाबाहेर पडू. जुनी विहीर, रस्त्यासाठी कापलेला डोंगर किंवा खडीची खाण यांपैकी एक जागा पुरे. सुटलेल्या दरडीखाली मुलांना उभे करू नका, आणि किल्ले-लेण्यांच्या दगडाला हातोडा लावू नका. पुढील गोष्टी क्रमाने पाहता येतील.

१. ताजा फुटलेला पृष्ठभाग पाहा. बाहेरून दगड तपकिरी दिसतो. तो हवापाण्याचा परिणाम. आत काळा-करडा, बारीक कणांचा असेल तर तो बेसाल्ट असण्याचा संभव आहे. भिंगातून चकाकणाऱ्या बारीक काड्या दिसतात का?

२. वजन करा. ताणकाट्याला तुकडा टांगून हवेत आणि पाण्यात वजन घ्या. हवेतल्या वजनाला दोन्ही वजनांतील फरकाने भागले, की दगड पाण्याच्या किती पट जड आहे हे कळते. भरीव बेसाल्ट साधारण २.८ ते ३ पट भरतो; ग्रॅनाइट २.६५ च्या आसपास.

३. दगडाचा चुरा कागदावर पसरून खालून लोहचुंबक फिरवा. बेसाल्टमधले मॅग्नेटाइटचे कण हलतात. ओढ्यातल्या काळ्या वाळूवरही हे करून पाहा.

४. भोके शोधा. रिकामी आहेत की पांढऱ्या खनिजांनी भरलेली? लिंबाच्या रसाने फसफसले तर कॅल्साइट. काचेवर ओरखडा उठला तर गारगोटीच्या जातीचे. पुणे, नाशिक, जळगाव भागांतील झिओलाइटचे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत आहेत.

५. थराची वरची बाजू कुठली? भोकांची दाटी वर, भरीव भाग मध्ये, आणि दोन थरांमध्ये तांबडी माती. विहीर खणणाऱ्यांना विचारा. काळा पाषाण कुठे लागला, भुसभुशीत थर कुठे आणि पाणी कुठे, हे ते अचूक सांगतात. त्यांचा अनुभव हा लाव्हाच्या थरांचाच हिशेब आहे.

६. खांब दिसले तर बाजू मोजा. मुंबईत अंधेरीला गिल्बर्ट हिल हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. सुकलेल्या तळ्यातल्या चिखलाच्या भेगांच्या बाजूही मोजा आणि तुलना करा.

फसवणाऱ्या गोष्टीही दाखवाव्यात. कोकण, गोवा आणि महाबळेश्वरच्या माथ्यावरच्या जांभ्याला भोके असतात, पण ती बुडबुड्यांची नव्हेत. खडक कुजून, झिजून झालेली आहेत. लोखंडाच्या भट्टीतल्या मळीलाही बुडबुडे असतात. उलट, मुंबईच्या जुन्या इमारतींत दिसणारा पिवळसर मालाड दगड काळा नसूनही ज्वालामुखीचाच आहे. म्हणून एका खुणेवर भिस्त ठेवू नये. दोन-तीन स्वतंत्र खुणा एकच गोष्ट सांगू लागल्या, की निष्कर्ष काढावा.

निवण्याच्या वेगाचा धडा स्वयंपाकघरातही मिळतो. चिक्कीचा पाक ताटात पटकन थंड होतो, म्हणून शेंगदाण्यांच्या मध्ये तो काचेसारखा पारदर्शक आणि ठिसूळ असतो. खडीसाखरेचे खडे मात्र सावकाश वाढू दिलेले असतात. खडीसाखर पाण्यातून येते, हे खरे. वेर्नरने हेच बोट दाखवून सांगितले असते. मग पाण्यातून आणि वितळलेल्या द्रवातून, दोन्ही रीतींनी स्फटिक होतात हे कशावरून, असे मुलांना विचारा. बर्फ हे एक उत्तर त्यांना सुचेल : पाणी म्हणजे वितळलेला बर्फच, आणि त्याचेही स्फटिक होतात.

आणि पुन्हा कधी मागच्या बाकावरून “बाई, ज्वालामुखी कुठाय?” असे आले, तर त्या मुलालाच पुढे बोलावून गावच्या विहिरीवर न्यावे. गेतार, देमारे आणि वेर्नर ज्या प्रश्नावर अडले, तिथेच तो आपला आपण येऊन पोचला आहे.